वाचक विचारतात : कुळागरातली दाढ

प्रश्न : कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाट खणताना दीड मीटर खोलीवर काळपट दाढ मिळाली. लांबी 36 मिलिमीटर, माथ्यावर बारीक गोल उंचवटे. ही डुकराचा जीवाश्म असेल का? सस्तन प्राण्यांच्या सुरुवातीबद्दल तिच्यावरून काही कळते का?
– एक वाचक, सांगे (गोवा)

उत्तर : दाढ डुकराचीच दिसते, जबड्यातली सर्वांत मागची, तिसरी. गुरांच्या दाढेवर चंद्रकोरीसारख्या कडा असतात, डुकराच्या दाढेवर गोल उंचवटे. झिजल्यावर मात्र ती माणसाच्या किंवा माकडाच्या दाढेसारखी भासते. नेब्रास्कातल्या अशाच एका झिजलेल्या दाताला 1922 साली वानराचे नाव दिले गेले. 1927 मध्ये तो पेकरीचा, डुकराच्या भाऊबंदाचा, ठरला.

पण हा जीवाश्म नव्हे. तुमच्याकडचे मूळ खडक 200 कोटी वर्षांहून जुने, सस्तन प्राणी त्याच्या पुष्कळ नंतरचे. वरचा जांभा आम्लधर्मी असल्याने हाडे त्यात विरघळून जातात. काळा रंग मातीतल्या लोह-मँगनीजचा. रंगावरून वय ठरवू नका.

सुरुवातीचे म्हणाल, तर डुकरे उशिरा आली. डायनासोर संपले 6.6 कोटी वर्षांपूर्वी, समखुरी प्राणी (सम संख्येच्या खुरांचे, गुरे-डुकरे ज्यांत मोडतात) दिसू लागतात सुमारे 5.6 कोटी वर्षांपूर्वी, आणि डुकरे त्यानंतर. तरीही त्यांचे तोंड जुन्या घडणीचे आहे. प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, 3 पटाशीचे दात, 1 सुळा, 4 उपदाढा आणि 3 दाढा, असे एकूण 44. जरायुज (गर्भाला वारेतून पोसणाऱ्या) सस्तन प्राण्यांचा हाच मूळ संच. गुरांनी वरचे पटाशीचे दात आणि सुळे गमावले, डुकराने संच टिकवला आणि आकार बदलला. शिवालिक टेकड्यांत जीवाश्म सापडलेल्या लिस्ट्रिओडॉन या नामशेष डुकराच्या दाढांवर पाने कातरणारे आडवे कंगोरे आहेत, तिथल्याच टेट्राकोनोडॉन या दुसऱ्या नामशेष डुकराच्या मागच्या उपदाढा अवाढव्य, कठीण खाणे फोडण्याजोग्या. आफ्रिकेत गवत खाणाऱ्या डुकरांची तिसरी दाढ पिढ्यान्‌पिढ्या लांबत, उंचावत गेली. तिथे तर दाढ घड्याळासारखी वापरतात : केनियातल्या केबीएस या ज्वालामुखी राखेच्या थराचे वय आधी 26 लाख वर्षे मानले होते. डुकरांच्या दाढा ते कमी असल्याचे सांगत होत्या, आणि शेवटी सुमारे 19 लाखांवर एकमत झाले.

दाढेला मऊ ब्रशने साफ करा. व्हिनेगर मुळीच लावू नका, दातातले कॅल्शियम विरघळते. सावलीत चार दिवस वाळवा, उन्हात दंतवल्क (दाताचे कठीण आवरण) तडकून पापुद्रे सुटतात. सांधायचे असल्यास पांढरा गोंद नको, पावसाळ्यात तो मऊ पडतो. ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-72 हे ॲक्रिलिक राळेचे चिकटद्रव्य वापरा. आसपास जबड्याचा तुकडा मिळाला तर दाढ त्यातून उपसू नका. शेजारच्या दातांची झीज पाहून जनावराचे वय सांगता येते.