दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने चेहरा धुते, तरी मुरुमं वाढतायत आणि कातडी ओढते. मॉइश्चरायझर लावलं तर आणखी तेलकट होईल का?

नाही होणार, जरूर लावा. फक्त जेल किंवा हलकं लोशन घ्या, डबीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं. खरा घोळ साबणाचा आहे. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५ च्या आसपास असतो, अंगाच्या साबणाचा ९-१०. सारखं धुतलं की वरच्या थरातलं सिरॅमाइड (ओलावा धरून ठेवणारं स्निग्ध द्रव्य) निघून जातं, ओलावा उडतो, आग होते, आणि मग मुरुमांचं औषधही सोसत नाही. त्यात आपलं सोलापूरचं कोरडं ऊन आणि बोअरचं जड पाणी! माझं इथे मेडिकल आहे. ‘क्रीमने चेहरा सोलला’ म्हणत येणाऱ्यांपैकी बरेचजण असेच घासून आलेले असतात.

- सौम्य फेसवॉश, सकाळ-संध्याकाळ. दुपारी नुसतं पाणी.
- चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर.
- अ‍ॅडापॅलिन (मुरुमांवर लावायचं औषध) चालू असेल तर सुरुवातीला एक रात्र आड, वाटाण्याएवढंच.
- लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट नको. शेजारच्या ताईंना ‘गुण आलेली’ गोरेपणाची क्रीम तर नकोच, तिच्यात स्टेरॉइड असू शकतं.

मात्र एवढ्याने मुरुमं पूर्ण जातीलच असं नाही. खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर जा.