दुपारी गाडी का मरगळते?

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल गाडी पहाटे बोरघाट सहज चढते, पण मे महिन्यात दुपारी सायनच्या कोंडीतून निघाली की मरगळते. इंजिन बिघडलंय का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही हो, घाबरू नका. हवा तापली की विरळ होते. 20 अंशांपेक्षा 40 अंशांच्या हवेत, तेवढ्याच जागेत, सुमारे 6 टक्के कमी प्राणवायू. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, ही हवा दाबतो तेव्हा ती आणखी तापते. थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा लागतो, तो कोंडीत कुठून मिळणार? मग नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो, ताकद घटते. परवाच मी एक इंटरकूलर उघडला, तर जाळीत वाळलेला चिखल आणि गुलमोहराच्या पाकळ्या! जाळी साध्या पाण्याने हलकेच धुवा. प्रेशरने पाती वाकतात.