वॅटचा भाव दारात ठरतो

अगं,

तुझा मेल तीनदा वाचला. सोलर पॅनेल विकणाऱ्या दोघांपैकी एकाचा भाव वॅटला साडेनऊ सेंट एफओबी, म्हणजे त्याच्या बंदरात जहाजावर चढवून; दुसऱ्याचा साडेदहा सेंट सीआयएफ, म्हणजे फ्रेट (जहाजभाडं) आणि विमा धरून तुझ्या बंदरापर्यंत. आणि तू विचारतेस स्वस्त कोण. मला सांगता येणार नाही. दोघांचाही माल अजून तुझ्या दारात उतरलेला नाही आणि वॅटचा भाव दारात ठरतो. मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी.

आधी आकडे मांड. चाळीस फुटी हायक्यूब (नेहमीपेक्षा उंच) कंटेनरमध्ये साडेपाचशे वॅटची 620 पॅनेलं बसतात, म्हणजे 341 किलोवॅट. तुझ्या दोन कोटेशनांतला एका सेंटाचा फरक म्हणजे कंटेनरमागे 3,410 डॉलर. तेवढ्यात फ्रेट आणि विमा तुला स्वतः मिळतो का, हे विचारलंस कुणाला? मेलमध्ये तरी दिसलं नाही.

फ्रेट 2,000 डॉलर असेल तर वॅटमागे जेमतेम सहा दशांश सेंट पडतं, 10,000 झालं तर जवळपास तीन सेंट. पॅनेल वॅटला पाव डॉलर होतं तेव्हा हे तीन सेंट पोटात घालता यायचे. दहा सेंटांच्या पॅनेलवर ते नाहीत जात. माल स्वस्त झाला की भाडं आपोआप जड होतं, एक डॉलरही न वाढता. मला हे कळायला 2021 उजाडावं लागलं. एफओबीवर माल घेतला, फ्रेट जुन्याच दराने धरलं आणि ग्राहकाला पक्का भाव देऊन बसलो. 2019 मध्ये चाळीस फुटी कंटेनरमागे दीड हजार डॉलरच्या आसपास असलेली फ्रेटची जागतिक सरासरी त्या सप्टेंबरात दहा हजारांवर गेली. शब्द दिला होता म्हणून तोट्यात माल दिला. आजही देईन, त्यावर वाद नको.

त्यानंतर फ्रेट लेखी हातात आल्याशिवाय मी कुणाला भाव दिला नाही. त्यापायी दोन चांगले ग्राहक गेले, भागीदारही गेला. जाताना म्हणाला, तू व्यापारी नाहीस, कारकून आहेस. असेन. 2023 संपता संपता तांबड्या समुद्रातली जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, दहा-चौदा दिवस वाढले, फ्रेट चढलं. त्या वेळी या कारकुनाची झोप उडाली नाही, एवढंच सांगतो.

आता सीआयएफ. विक्रेता फ्रेट भरतो, विमा काढतो, म्हणून तू निर्धास्त आहेस. पण माल त्याच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम तुझी. आणि सीआयएफमध्ये त्याच्यावर बंधन फक्त सर्वांत कमी संरक्षणाच्या विम्याचं, म्हणजे क्लॉज सीचं. जहाज बुडालं, आग लागली तर पैसे मिळतील. पॅलेट आदळून काच तडकली तर नाही. सेलमधल्या सूक्ष्म भेगा तर डोळ्यांना दिसतही नाहीत, त्यासाठी ईएल चाचणीच, म्हणजे पॅनेलमध्ये वीज सोडून त्याचा फोटो काढायची चाचणी, करावी लागते. सर्वांत व्यापक संरक्षणाचा क्लॉज ए माग, वरचा प्रीमियम भर आणि तोही वॅटमागे वाटून लिही.

ड्युटीचं तू एका ओळीत उरकलंस, त्याचा मला राग आला. बऱ्याच देशांत ती सीआयएफ मूल्यावर लागते, म्हणजे फ्रेट वाढलं की करही वाढतो. अमेरिकेत ती एफओबी मूल्यावर असते, पण तिथे अँटी-डम्पिंगचा, म्हणजे फार स्वस्तात ओतलेल्या मालावरच्या जादा ड्युटीचा, अंतिम दर माल आल्यावर कधीतरी ठरतो. पॅनेलं विकून, नफा वाटून झाल्यावर फरकाची मागणी आयातदाराच्या दारात येते. विक्रेत्याच्या देशातले नियमही बघ. चीनने 1 डिसेंबर 2024 पासून पॅनेलांवरचा निर्यात परतावा (निर्यातदाराला परत मिळणारा कर) 13 वरून 9 टक्क्यांवर आणला. तो फरक कुणी ना कुणी भरतोच.

डेमरेजबद्दल, म्हणजे कंटेनर बंदरात पडून राहिल्याच्या रोजच्या आकाराबद्दल, फार लिहीत नाही. फ्री डेज, म्हणजे हा आकार न लागणारे दिवस, किती, ते एजंटकडून लेखी घे. माझा एक कंटेनर एका कागदासाठी अडकला होता आणि रोजचं बिल बघताना मी जेवण सोडलं होतं.

तू हुशार आहेस, म्हणून चिडतो. शुक्रवारपर्यंत दोन्ही कोटेशनं दारातल्या भावाने मांडून पाठव: फ्रेट, विमा, ड्युटी, बंदरखर्च, आतली वाहतूक, फुटतूट, सगळं वॅटमागे. तोवर साडेनऊ सेंट हा आकडा माझ्यासमोर काढू नकोस.