मानेवरचा मस, पापणीवरचा दाणा: काढायचा की राहू द्यायचा?

प्रश्न: डॉक्टर, वय 47. मानेवर आणि काखेत मिळून पंधरा-वीस बारीक लोंबते मस आहेत. दुखत नाहीत, पण गळ्यातली चेन अडकते, टॉपची कॉलर घासते आणि परवा काखेतला एक रेझरने कापला गेला, एवढ्याशा मसाचं रक्त थांबता थांबेना. घरचे म्हणतात त्रास नाही तर कशाला नसती उठाठेव, शिवाय एक काढला की दहा येतात म्हणे. खरं सांगू का, मला ते दिसायलाही आवडत नाहीत. एवढ्यासाठी काढले तर चालतील का?

उत्तर: चालतील की. तुम्ही निदान पत्रात तरी खरं लिहिलंत. क्लिनिकमध्ये लोक आधी चेन अडकते सांगतात, मग खाज येते सांगतात, आणि पार दारापर्यंत गेल्यावर मागे वळून हळूच म्हणतात, "तसं दिसायलाही बरं दिसत नाही." अहो, तेवढं कारण पुरतं, त्यासाठी खाज उसनी आणायला नको.

वर्णनावरून हे स्किन टॅग वाटतात. मऊ, त्वचेच्याच रंगाचे किंवा जरासे गडद, बारीक देठावर लोंबणारे, बहुतेक 2 ते 5 मिलिमीटरचे. आत कोलॅजन, थोडीफार चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या असतात, म्हणून तर तुमचं रक्त थांबेना. मान, काख, जांघ, छातीखाली, जिथे त्वचेवर त्वचा घासते तिथे हे जास्त. वाढतं वय, वाढतं वजन, गरोदरपण यातही येतात.

आता ते "एक काढला की दहा". आपल्याकडे चामखीळ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. खरखरीत, टणक, वर फुलकोबीसारखी दिसते ती व्हायरसची चामखीळ, म्हणजे वार्ट. एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होते, आणि ती खरंच पसरते, खाजवल्याने पसरते, दाढी करताना तर ब्लेडच्या रेषेत ओळीने उगवते. स्किन टॅगचं तसं नाही. कापल्याने ते वाढत नाहीत. पुढे नवे येतात ते तुमच्या त्वचेची तशी प्रवृत्ती आहे म्हणून, न काढताही आले असते.

काढायला फार काही लागत नाही. सुन्न करणारं क्रीम लावून पाऊण ते एक तास थांबायचं, मग चिमट्याने मस उचलायचा आणि बारीक वाकड्या कात्रीने देठाशी कच्च, झालं. किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुईने जाळतात, तेव्हा केस जळाल्यासारखा वास येतो, घाबरू नका, तो तुमचाच असतो. मोठ्या मसाला सुन्न करायचं इंजेक्शन देतात. अगदी बारक्यांना मी सहसा देत नाही, कारण कात्रीपेक्षा इंजेक्शनच जास्त झोंबतं. नंतर आठवडाभर खपली, ती नखाने उचकटायची नाही, व्हॅसलिन लावत राहायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल किंवा जखमेचे व्रण फुगून वर येत असतील तर आधी सांगा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आणि एक. मस भरपूर असतील आणि मानेची घडी काळपट, मखमलीसारखी जाड दिसत असेल तर शुगर तपासून घ्या, उपाशीपोटीची आणि एचबीए1सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. कितीतरी जणांचा वाढलेला इन्शुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद न देणं, पहिल्यांदा मानेवरच दिसतो. मस काढले म्हणून तो जात नाही.

प्रश्न: माझं वय 34, रंग सावळा. दोन्ही गालांवर आणि डोळ्यांखाली मोहरीएवढे काळे उंचवटे येताहेत, आईलाही असेच आहेत. एकाने फ्रीझिंग करून घे म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी घरात लग्न आहे, तोवर चेहरा क्लिअर होईल ना?

उत्तर: आईलाही आहेत म्हणालात तिथेच निम्मं उत्तर मिळालं. याला डीपीएन म्हणतात, पूर्ण नाव डर्मॅटोसिस पॅप्युलोसा नायग्रा. सावळ्या आणि काळ्या त्वचेत खूप कॉमन, घराण्यात चालत येतं, निरुपद्रवी. पण एकदा कुणीतरी समोर बसून बघितलेलं बरं.

फ्रीझिंगला मात्र माझा या बाबतीत विरोधच आहे. त्यात वापरतात ते लिक्विड नायट्रोजन उणे 196 डिग्री सेल्सिअसचं. त्वचेच्या बाकी पेशींपेक्षा रंग तयार करणाऱ्या पेशी थंडीला जास्त नाजूक, त्या आधी मरतात. म्हणजे काळा ठिपका गेला आणि तिथे पांढरा आला, आणि सावळ्या गालावर पांढरा ठिपका लांबूनही दिसतो. तळपायाच्या वार्टला फ्रीझिंग ठीक आहे, गालाला नको. इथे कमी पॉवरची रेडिओफ्रिक्वेन्सी बरी, तीही वरवर टेकवून, खोल न जाता. जरा खोल गेलं की खड्डा पडतो किंवा डाग महिनोन्महिने राहतो.

लग्नाचं म्हणाल तर या खेपेला घाई करू नका. आधी कानाजवळचे दोन-तीनच काढून बघायचे, सहा ते आठ आठवडे थांबायचं, डाग कसा भरतोय ते बघून मग बाकीचे. तेवढ्यात तुमचे दोन महिने संपले! मेकअप करून लग्नाला जा, मस कुठे पळून जात नाहीत. आणि नंतर सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, रोज, घरात बसलात तरी खिडकीतून ऊन येतंच.

प्रश्न: मसाला दोऱ्याने बांधून ठेवला तर आपोआप गळून पडतो ना?

उत्तर: पडतो कधीकधी. रक्तपुरवठा तुटतो, काळा पडतो, गळतो. पण तोवर सुजतो, ठणकतो, पिकतोही, आणि अर्धाच आवळला गेला तर वर काळा गोळा आणि खाली जखम घेऊन तुम्ही शेवटी आमच्याकडेच येता. जे काम कात्रीने काही सेकंदांत होतं त्याला आठवडाभर दोरा कशाला? (मस स्वतःच पिळला जाऊन अचानक काळा पडला, दुखायला लागला तर तेही दाखवून घ्या, बहुतेक वेळा काही नसतं.)

प्रश्न: तळपायावर बरीच वर्षं काळा तीळ होता. सहा महिन्यांत मोठा झाल्यासारखा वाटला म्हणून ऑनलाइन मिळणारे तीळ काढायचे थेंब दोनदा लावले. जळलं, खपली आली, आता कडेने परत काळं दिसतंय. तिसऱ्यांदा लावू का?

उत्तर: नाही. थेंब टाकून द्या आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला पाय दाखवा. घाबरवायचं नाहीये, पण वरच्या सगळ्या पत्रांपेक्षा तुमचं पत्र वेगळं आहे. "मोठा झाला" हे वाक्य आलं की दिसण्याचा विषय संपला.

त्या थेंबांत बहुतेक कसलंतरी कडक ॲसिड असतं, त्याला मस कुठला, तीळ कुठला आणि चांगली त्वचा कुठली हे कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, 2022 साली असं काही विकणाऱ्या कंपन्यांना वॉर्निंग लेटर पाठवली होती. व्रण राहतो ते सोडा, खरी भीती वेगळीच. तो तीळ कॅन्सरचा असेल तर वरचा भाग जळून जातो, खालचा वाढत राहतो, आणि आम्हाला बघायला खपली मिळते.

तिळाचं आम्ही काय बघतो ते सांगतो. दोन अर्धी सारखी नाहीत, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोन-तीन रंग, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा, आणि बदलत चाललाय. यातलं शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्यासारख्या रंगाच्या लोकांत मेलेनोमा, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, एकूण कमीच, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात, नखाखाली, जिथे कुणी बघत नाही. डॉक्टर डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा बघायच्या दिव्याच्या भिंगाने, बघतील, वाटलं तर अख्खा तीळ काढून बायोप्सीला पाठवतील. थेंब लावले होते हे त्यांना आवर्जून सांगा, लाजू नका, नाहीतर रिपोर्ट वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. आणि लेझरने उडवून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही पार्लरला हा पाय दाखवू नका, उडवलेल्या तिळाची बायोप्सी होत नाही.

प्रश्न: पापणीच्या आतल्या कोपऱ्यात पिवळट चपटे डाग आलेत. हेही जाळता येतात का?

उत्तर: येतात, पण आधी कोलेस्टेरॉल तपासा. झॅन्थेलाझ्मा असावा, हे साठलेलं फॅट आहे आणि साधारण निम्म्या लोकांत रक्तातलं फॅट वाढलेलं सापडतं. काढल्यावरही परत येतात, हे आधीच ऐकून ठेवा. पापणीचं काम आहे, हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

प्रश्न: पाठीवरचा मोठा मस काढला आणि डॉक्टरांनी तो बाटलीत घालून तपासायला पाठवला. मला काही न सांगता! रात्रभर झोप नाही.

उत्तर: पाठवायलाच हवा होता. काढलेली कुठलीही शंकास्पद किंवा मोठी गाठ पाठवायची हा साधा नियम आहे, त्याचा अर्थ काही सापडलंय असा नाही. न सांगता पाठवला ही मात्र त्यांची चूक, एक वाक्य बोलले असते तर तुमची झोप वाचली असती. रिपोर्ट यायला साधारण आठवडा धरा. कागद स्वतःच्या हातात मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर पहिल्यांदा तोच विचारतील.