जपानमध्ये बारा जणांसाठी मोठं घर घेताय? पलंग नका मोजू, चटया मोजा

तुमचा प्रश्न असा की बारा जण आहात, दोन्हीकडचे आईबाबा, तीन जोडपी, पाच आणि नऊ वर्षांची दोन मुलं, मार्चच्या शेवटी दहा दिवस, आणि तोक्यो आणि क्योतो दोन्हीकडे एकेक मोठं घर घेऊन सगळ्यांनी एकत्र राहायचं, हॉटेलपेक्षा हे स्वस्त आणि चांगलं पडेल ना. मी नऊ वर्षं तोक्योत राहते, निशिकासाईला, आणि माहेरची सासरची मिळून चार मोठी टोळकी फिरवून आणलीत, त्यातल्या तीन वेळा घर घेतलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मत सांगून टाकते. घर घ्या, नक्की घ्या, पण सगळ्या रात्री नको. तोक्योत तुम्ही सकाळी नऊला बाहेर पडणार आणि रात्री नऊला पाय ओढत परत येणार, तिथे मोठं घर घेऊन फक्त झोपायचंय, शिवाय बारा जण मावतील अशी घरं बहुतेक स्टेशनपासून लांब, वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये असतात. घराचा खरा आनंद जिथे संध्याकाळ घरात जाते तिथे. माझ्या मते तोक्योत तीन रात्री हॉटेल, मग तीन रात्री कावागुचिको तलावाकाठी, फुजी पर्वतासमोर मोठं घर, मग क्योतोत परत हॉटेल किंवा किचन असलेलं अपार्टमेंट हॉटेल. फुजीचं सांगते कशासाठी, तर तो डोंगर फार लहरी आहे, सकाळी सातला लख्ख दिसतो आणि दहाला ढगात गेला की दिवसभर दिसत नाही, एका दिवसाच्या सहलीवाले बिचारे ढग बघून परत जातात. घर तिथेच असलं की पहाटे उठून चहाचा कप घेऊन खिडकीत बसायचं. माझ्या सासूबाई तीन दिवस खिडकीच्या आत शाल गुंडाळून बसल्या होत्या, त्यांना दुसरं काही बघायचंच नव्हतं. हो, शाल लागतेच, तलाव साधारण ८३० मीटर उंचीवर आहे, मार्चअखेर रात्री कडाक्याची थंडी असते आणि चेरीचा बहर तिथे तोक्योपेक्षा उशिरा, एप्रिलच्या मध्याला येतो, म्हणून फुलं तोक्यो-क्योतोत बघायची असं धरून चला.

आता घर कसं निवडायचं. लिस्टिंगवर "१२ पाहुणे" लिहिलेलं बघून खूश होऊ नका, त्या आकड्यामागे काय असतं ते समजून घ्या. इथे घरं भाड्याने देण्याचा जो कायदा १५ जून २०१८ पासून लागू झाला त्यात माणशी कमीत कमी ३.३ चौरस मीटर जागा हवी असं आहे. आपल्या हिशेबात साधारण ३५ चौरस फूट, जपानी हिशेबात दोन तातामी चटया, इथे खोलीचा आकार जमिनीवर बसवलेल्या चटयांनी मोजतात. म्हणजे सहा चटयांच्या खोलीत कायद्याने तीन माणसं बसतात, आणि खरंच तीन फुतोन म्हणजे तीन गाद्या अंथरल्या की खोली भरली, तुमच्या बॅगा कुठे ठेवणार? म्हणून मी आता पलंग मोजतच नाही, घराचा प्लॅन मागते आणि खोल्यांवर लिहिलेले चटयांचे आकडे बघते, सहा, आठ, दहा असे असतात. माणशी दोन चटया म्हणजे रेल्वेच्या डब्यातलं झोपणं, माणशी तीन म्हणजे सुखाचं. तुम्ही बारा जण, म्हणजे झोपायच्या खोल्या मिळून ३६ चटयांच्या आसपास असलेलं घर शोधा, हॉल त्यात धरू नका कारण हॉलमध्ये कोणीतरी रात्री एकपर्यंत बोलत बसणारच.

चटयांनंतर संडास आणि बाथरूम, आणि यावर मी हट्टाने बोलते कारण पहिल्याच वेळी फार मनस्ताप झाला. क्योतोत जुनं लाकडी माचिया घर घेतलं होतं, फोटो इतके सुंदर की मन हरखून गेलं, दहा जणांचं घर आणि आम्ही दहाच. संडास एक, तोही खाली, आणि वर झोपायच्या खोल्यांना जाणारा जिना जवळजवळ शिडीसारखा उभा. अडुसष्ट वर्षांचे काका रात्री दोनदा त्या जिन्यावरून हात टेकत उतरायचे आणि मी खाली मोबाईलचा उजेड धरून उभी. घरमालकाने लिस्टिंगमध्ये जिन्याचा एकही फोटो टाकला नव्हता. सकाळी अंघोळीचा हिशोब तर करूच नका, माणशी वीस मिनिटं धरली तर तुमच्या बारा जणांचे चार तास होतात, आम्ही रोज अकराला बाहेर पडायचो आणि एक देऊळ बघून दुपार. तेव्हा सहा माणसांमागे एक संडास आणि एक बाथरूम ही कमीत कमी मागणी, आणि आईबाबा चौघं तळमजल्यावर झोपतील अशी एक तरी खोली, शक्यतो पलंगाची. जमिनीवरच्या गादीतून उठताना गुडघ्यांना काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

अंघोळ रात्री करायची सवय लावलीत तर बरंच सोपं होतं, जपानी लोक तसंच करतात. बाहेर बसून साबण लावून स्वच्छ धुवायचं आणि मग टबात फक्त बसायचं, तेच पाणी सगळ्यांना, म्हणून टब रिकामा करायचा नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांना एकाच पाण्यात बसणं पटत नाही, तर नाही बसायचं, बाहेरच्या शॉवरवर भागतं. फक्त एक विचारून घ्या, गरम पाणी गॅसवर आहे का विजेच्या टाकीवर, टाकी असली तर सातव्या-आठव्या माणसाला कोमट पाणी येतं.

विजेचंही तसंच. इथे १०० व्होल्ट आणि घराचं कनेक्शन ठरावीक अँपिअरचं असतं, थंडीत एसी हीटरवर, राईस कुकर चालू आणि वर कोणी हेअर ड्रायर लावला की मेन पडतो. घाबरायचं नाही, दाराजवळ किंवा न्हाणीघरापाशी भिंतीवर वर डबा असतो, खटका वर करायचा. आपला मिक्सर नेऊ नका, चालणार नाही, मोबाईलचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा.

स्वयंपाकाचं विचारलंय, आईंना बाहेरचं फार चालत नाही म्हणून. मोठ्या घराचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, कारण इथे भाजीच्या पदार्थातही दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो, सूपमध्ये, सॉसमध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी विचारत बसून शाकाहारी माणूस रडकुंडीला येतो. घरात संध्याकाळी वरणभात आणि बटाट्याची भाजी मिळाली की सगळ्यांचे चेहरे बदलतात. पण शेगडी कोणती ते आधी विचारा. नव्या घरांमध्ये बरेचदा आयएच म्हणजे इंडक्शन असते, त्यावर आपला ॲल्युमिनियमचा कुकर आणि गोल बुडाची कढई दोन्ही बिनकामाची, स्टीलचा सपाट बुडाचा छोटा कुकर असेल तरच न्या. राईस कुकर बहुतेक घरांत असतो, पण बारा जणांना पुरेल एवढा आहे का ते बघा. फोडणी देताना वरचा पंखा फुल करा, धुराचे अलार्म असतात. तूरडाळ, पोहे, रवा असली खरेदी तोक्योत असतानाच करून टाका, निशिकासाईत भारतीय दुकानं आहेत, आणि ग्योमु सुपर नावाच्या दुकानांत मसाले, कडधान्यं, फ्रोझन भाज्या स्वस्त मिळतात. भारतातून मेतकूट, भाजणी, लोणचं, चटण्या आणा, पण ताजी फळं, भाज्या आणि कुठल्याही रूपातलं मांस आणू नका, विमानतळावर तपासणी कडक असते.

कायद्याचं थोडं, कारण तुमच्या तारखांना त्याचा थेट संबंध आहे. त्या २०१८ च्या कायद्याखाली नोंदवलेलं घर वर्षात जास्तीत जास्त १८० दिवसच भाड्याने देता येतं. क्योतो शहराने आणखी कडक केलंय, निव्वळ राहत्या वस्तीच्या भागात अशी घरं १५ जानेवारी ते १५ मार्च एवढ्याच काळात चालतात. तुम्ही मार्चअखेर जाताय, म्हणजे क्योतोत एखादं घर तुम्हाला राहत्या वस्तीत त्या तारखांना दिसलं तर त्याच्याकडे हॉटेल कायद्याचं लायसन्स आहे का ते बघाच. लायसन्स किंवा नोंदणीचा नंबर लिस्टिंगवर असायला हवा, नसेल तर कितीही सुंदर असो, सोडून द्या. क्योतोत राहण्याचा कर माणशी दर रात्रीचा वेगळा लागतो, १ मार्च २०२६ पासून तो वाढलाय, राहण्याच्या दराप्रमाणे २०० ते १०,००० येनपर्यंत, तर तो भाड्यात धरलाय का तेही विचारून घ्या.

आणि माणसं खरी सांगा. हे मी कळकळीने सांगतेय. आपल्याकडे "दहा सांगू, दोघं नंतर येतील" असं सहज होतं, आमच्यातही एका भाच्याने सुचवलं होतं आणि मी सरळ नाही म्हटलं. इथे प्रत्येक पाहुण्याची नोंद ठेवणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे, परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टची कॉपी घेतात, भाडंही बऱ्याच ठिकाणी डोक्यावर असतं आणि अंथरुणं मोजून ठेवलेली असतात. जास्तीची माणसं आढळली तर रात्री बाहेर काढू शकतात, आणि तुमच्यामागून येणाऱ्या पुढच्या भारतीय ग्रुपला तो मालक घर देताना दहादा विचार करेल. पाच वर्षांचं मूलही मोजायचं, नंतर काय सवलत मिळायची ती मिळेल.

शेजाऱ्यांचं पण मनापासून सांभाळा. लाकडी घरांच्या भिंती पातळ, रात्री दहानंतर अंगणात गप्पा, व्हरांड्यात फोनवर बोलणं, गाडीची दारं धाडधाड लावणं हे सगळं पलीकडच्या घरात जसंच्या तसं ऐकू जातं. बाजूला कदाचित पहाटे पाचला शेतावर जाणारे आजोबा राहत असतील. बूट दारातच, तातामीवर चपला तर नाहीतच, स्लिपरसुद्धा नाहीत, आणि चाकाची बॅग तातामीवर ओढू नका, चटई फाटली तर भरून द्यावी लागते. कचरा जळणारा, प्लॅस्टिक, बाटल्या, डबे असा वेगवेगळा, बारा माणसांचा तीन दिवसांचा कचरा किती होतो ते बघून तुम्हीच चकित व्हाल, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी चार पिशव्या लावून एकाला जबाबदारी द्या, शेवटच्या सकाळी नको, कारण चेकआऊट बहुतेक ठिकाणी दहाला असतं आणि ते म्हणजे दहालाच.

गाडी. घर बुक करायच्या आधी हे ठरवा, नंतर नाही, कारण तलावाभोवतीची मोठी घरं स्टेशनपासून लांब असतात आणि बारा जणांना तीन टॅक्स्या लागतात. हायएस म्हणून दहा सीटची गाडी मिळते आणि ती साध्या लायसन्सवर चालवता येते, पण तुम्ही बारा, म्हणजे दोन गाड्या. भारतातलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथे चालतं, गाड्याही डावीकडूनच चालतात, त्यामुळे मुंबई-पुणे चालवणाऱ्याला फार जड जात नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, गाडी बुक करतानाच सांगा. कोणीही चालवायला राजी नसेल तर ड्रायव्हरसकट मिनीबस घ्या, पण हिरव्या नंबरप्लेटची, पांढऱ्या प्लेटवर पैसे घेऊन माणसं नेणं बेकायदा आहे आणि असे लोक विमानतळावर भेटतात.

बॅगांचं एक छान जमतं. तोक्योच्या हॉटेलातून सगळ्या मोठ्या बॅगा कुरियरने, इथे ताक्युबिन म्हणतात, थेट क्योतोच्या हॉटेलवर पाठवून द्यायच्या आणि कावागुचिकोला माणशी एक पाठीवरची सॅक. ही एक गोष्ट केलीत तर अर्धी भांडणं होतच नाहीत. घरावर बॅगा पाठवायच्या असतील तर लक्षात ठेवा, तिथे रिसेप्शन नसतं, किल्ली नंबरच्या डबीत असते, बॅग घ्यायला तुम्हीच हजर हवे. कावागुचिकोहून क्योतोला जायला मिशिमापर्यंत बस आणि तिथून शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन, तोक्योला परत यायची गरज नाही. त्यातली सगळ्यात वेगवान नोझोमी गाडी मिशिमाला थांबत नाही, कोदामा किंवा काही हिकारी थांबतात. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला, तुमच्या या रूटला तो अजिबात परवडत नाही, सुटी तिकिटं काढा.

व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा, बारा जणांपैकी एकाचं काहीतरी अडकतंच. आणि उशीर करू नका, मार्चअखेर म्हणजे चेरीचा सीझन, मुलांच्या शाळांना सुट्ट्या, बारा जणांची चांगली घरं मोजकीच असतात आणि ती सहा महिने आधी जातात.

तुम्हाला आवडलेली दोन-तीन घरं मला पाठवा, प्लॅनसकट. जपानीत लिहिलेलं मी वाचून सांगेन, संडास कुठे आहेत, जिना किती चढाचा आहे आणि आईबाबांची खोली बाथरूमपासून किती पावलांवर आहे ते.