‘मेल्ट पूल’ला डबकं म्हणावं का?

सोलापुरात पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: इन्कोनेल ७१८ या निकेल-मिश्रधातूच्या लेसर वेल्डिंगवरचा प्रकल्प-अहवाल ती मराठीत लिहिते आहे. किरण पडतो तिथे वितळलेल्या धातूचा जो ‘मेल्ट पूल’ होतो, त्याला ‘डबकं’ म्हटलं तर चालेल का?

डबकं नको. डबक्यातलं पाणी साचलेलं असतं, आणि तुमच्या अहवालाचा सगळा विषयच हा आहे की तो धातू क्षणभरही साचून राहत नाही. किरणाखाली तो सगळ्यात जास्त तापलेला, कडेला त्यामानाने कमी. धातू तापला की सहसा त्याचा पृष्ठताण घटतो, त्यामुळे वरचा थर मधून कडेकडे ओढला जातो आणि वेल्ड रुंद, उथळ होतो. गंधकाचा अंश जरासा वाढला की हाच ओघ उलटा, मध्याकडे आणि खाली वळू शकतो; मग पेनिट्रेशन, म्हणजे वेल्डची खोली, वाढतं. एकाच ग्रेडच्या दोन लॉटना एकाच सेटिंगवर वेगळा वेल्ड का येतो, याचं एक कारण इथे सापडतं. किरण फार तीव्र असेल तर धातूची वाफ होऊन मधोमध खोल भोक पडतं, ते कीहोल. ते ढासळलं की बुडबुडे आत अडकतात आणि पोरॉसिटी येते, म्हणजे वेल्डमध्ये पोकळ छिद्रं राहतात.

‘वितळकुंड’ही मला पटत नाही. कुंडाला बांधीव काठ असतो. इथे पुढचा काठ वितळत जातो, मागचा गोठत येतो.

धातूसाठी आपल्याकडे ‘रस’ हा शब्द आहेच. सोनार आणि ओतारी तो रोज वापरतात. ‘पाणी’ मात्र टाळा: हत्याराला पाणी देणं म्हणजे तापवून विझवणं, दागिन्याला सोन्याचं पाणी म्हणजे मुलामा. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात रस म्हणजे पारा, हे खरं. पण वेल्डिंगच्या अहवालात तो घोळ होणार नाही.

आणि पूलसाठी ‘डोह’. नदी वाहती असते, डोह तिच्यातच असतो. वरून संथ, आत भोवरे. ‘रसाचा डोह’ हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. डोहाच्या आकाराबद्दलही लिहिता येतं. किरण पुढे सरकण्याचा वेग कमी असताना तो लंबगोल राहतो. वेग फार वाढवला की मागे निमुळती शेपटी निघते, दोन्ही बाजूंचे ग्रेन (गोठणाऱ्या धातूचे स्फटिक-कण) मध्यरेषेवर समोरासमोर भिडतात, शेवटचा अशुद्ध रस तिथेच अडकतो आणि आकुंचनाच्या ताणाने रेषेवर क्रॅक जाऊ शकतो. ७१८मध्ये सुमारे ५ टक्के नायोबियम असतं, ते याच उरलेल्या रसात साठतं आणि त्यातून लाव्हेस फेज हे नायोबियमयुक्त ठिसूळ संयुग तयार होतं. रस झटपट गोठला तर ही फेज बारीक आणि तुटक राहते, म्हणून इथे लेसरचा फायदा होतो.

पहिल्यांदा ‘रसाचा डोह, म्हणजेच मेल्ट पूल’ असं लिहा, पुढे नुसतं ‘डोह’ पुरे. कीहोलला मात्र कीहोलच ठेवा. चिंचोळी एमआयडीसीतल्या वेल्डरला ‘किल्लीछिद्र’ कळणार नाही. ‘उथळ डोह’ कानाला खटकेल, तिथे सरळ ‘रस उथळ पसरला’ असं म्हणा.