वजन तिचं, सकाळचे दोन तास त्याचे

‘मॅडम, माझं वजन वाढलं यात माझा दोष किती?’ वजनाच्या निमित्ताने माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेक बायका फिरून फिरून याच प्रश्नावर येतात. पुरुष तो सहसा विचारत नाहीत. ते ‘उपाय सांगा’ म्हणतात, वहीत लिहून घेतात आणि दुसऱ्या भेटीला उगवत नाहीत. विचारणाऱ्या बाईने बहुधा दोन उत्तरं आधीच ऐकलेली असतात. घरात ऐकलेलं असतं, ‘तोंडावर ताबा ठेव.’ मोबाइलवर वाचलेलं असतं, ‘तुझा काहीच दोष नाही, सगळी जनुकांची आणि हार्मोन्सची करणी.’ वैशाली आणि मंदार ही दोन उत्तरं वाटून घेऊनच माझ्यासमोर बसले होते, म्हणून त्यांची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर इंदूरच्या सुदामा नगरमधलं. सासू-सासरे, शाळेत जाणारी दोन मुलं. मंदारचं सांवेर रोडला छोटं वर्कशॉप, वैशाली एका शाळेत गणित शिकवते. माहेर देवासचं. वय अडतीस, उंची पाच फूट दोन इंच, लग्नात वजन ५८ किलो, आता ८२. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१. डॉक्टरांनी कागदावर ‘वजन कमी करा’ एवढंच लिहून दिलेलं. त्या कागदापायी घरात जी धुसफूस सुरू झाली, ती निस्तरायला दोघं आले होते.

मंदारच आधी बोलला. ‘हे बघा मॅडम, मी पण ८४ होतो. पहाटे उठून धावायला लागलो, वर्षात दहा किलो उतरवले. साखर सोडली, रात्रीचं सराफ्यात खायला जाणं सोडलं. मनावर घेतलं की होतं. हिला सांगायला जावं, तर ही मला मोबाइल वाचून दाखवते.’

वैशालीकडे खरंच यादी तयार होती. आई जाड, मावशी जाड, आजीचं तर विचारूच नका. थायरॉइडची गोळी. दोन बाळंतपणं. ‘आणि यांना काय कळणार? यांच्या घरात सगळे काटकुळे.’

काटकुळे होतेच. सासरे आजही पंचावन्न किलोंच्या आत आहेत आणि त्यांना मधुमेह झाला तो पन्नाशी गाठायच्या आधी. ते मी मंदारकडूनच काढून घेतलं, कारण बारीक माणूस म्हणजे संयमी आणि जाड म्हणजे खादाड हा हिशेब या घरात पक्का बसला होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाटा निम्मीच गोष्ट सांगतो, म्हणून तर भारतीयांसाठी लठ्ठपणाची बीएमआयची रेघ तीसवरून पंचवीसवर आणि कमरेची रेघ बाईला ८०, पुरुषाला ९० सेंटीमीटरवर आणली आहे. मंदारने गुपचूप स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. तेवढं मला पुरे होतं.

आता वैशालीची यादी. तिच्या आई-मावशीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा अजिबात नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा अभ्यास अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९८६मध्ये प्रसिद्ध केला. ही मुलं मोठी झाल्यावर जाड-बारीक असण्यात जन्मदात्या आई-वडिलांवर गेली होती, ज्यांच्या ताटात जेवली त्यांच्यावर नाही. हे सांगितल्यावर वैशालीने मंदारकडे असं पाहिलं की विचारू नका. पण लगेच पुढचंही सांगावं लागलं. ज्याचं वजनाशी नातं २००७मध्ये सापडलं ते एफटीओ नावाचं जनुक अशा नात्याच्या सर्वसाधारण जनुकांमध्ये सगळ्यांत ठळक मानलं जातं, आणि त्याची दोन्ही जोखमीची रूपं अंगात असली तरी सरासरी फरक तीनेक किलोंचा. अशी बारीकसारीक जनुकं शेकड्यांनी आहेत आणि ती मिळून कल ठरवतात. थायरॉइडचं म्हणाल, तर गोळीने तिचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, कधीच जागेवर आला होता. आणि न आलेल्या थायरॉइडनेही बहुधा चार-पाच किलोच चढतात, त्यातलं बरंचसं पाणी आणि मीठ.

मग चोवीस किलो कुठून आले? मंदार म्हणाला, ‘तेच तर मी म्हणतोय.’

मला इथे नेहमी एक आकडा आठवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ साली पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी १२.६ टक्के बायका जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. २०१९-२१मध्ये २४ टक्के. पुरुष ९.३ वरून २२.९ वर. इतक्या थोड्या वर्षांत देशाची जनुकं बदलत नाहीत. पण एवढ्या कोट्यवधी लोकांचा मनाचा निग्रह एकदम निम्म्यावर आला, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. बदललं ते आजूबाजूचं. काम खुर्चीतलं झालं, तेल स्वस्त झालं, पाकिटं हाताशी आली, झोप तुटली. मंदारला हे पटलं, पण सगळ्या देशाबद्दल पटलं. स्वतःच्या स्वयंपाकघराबद्दल पटायला वेळ लागला.

दुसऱ्या भेटीला मी दोघांना वेगवेगळे कागद दिले आणि म्हटलं, कालचा दिवस घड्याळाप्रमाणे लिहा, काय खाल्लं ते नको, काय केलं ते लिहा. मंदारचा कागद लवकर भरला. साडेपाचला उठलो, पावणेसहा ते सात धावलो, अंघोळ, सव्वाआठला डबा घेऊन निघालो. वैशालीचा कागद पाच वाजता सुरू झाला. कणीक, मुलांचे दोन डबे, मंदारचा डबा, स्वतःचा डबा, सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा आणि सासूबाईंचा साखरेचा, सगळ्यांचे पोहे, सव्वासातला धाकटीची व्हॅन, साडेसातला स्वतःची बस. पोहे तिने खाल्ले नव्हते, कारण वेळ झाला नव्हता. शाळेत मधल्या सुट्टीत समोसा. दुपारी तीनला घरी येऊन उभ्याउभ्या उरलंसुरलं. रात्री मुलांचा अभ्यास, ओटा, उद्याची भाजी निवडणं, वह्या तपासणं. पाठ टेकली तेव्हा पावणेबारा.

मी कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मंदारला विचारलं, ‘तुम्ही धावायला जाता, तेव्हा तुमचा डबा कोण भरतं?’

तो काही क्षण कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘पण मी तिला कधी नको म्हटलंय का चालायला जायला?’

नव्हतंच म्हटलं. या उत्तराशी माझी गाठ इतक्या घरांत पडते की आता मी त्यावर वाद घालत नाही. मंदारने कष्ट केले नाहीत असं नाही. थंडीत पहाटे रजई बाजूला सारायला निग्रह लागतोच. पण तो निग्रह ज्या दोन तासांवर उभा होता ते त्याला घरातून मिळाले होते, आणि ते कुणाच्या वाट्यातून आले हे त्याला दिसलंच नव्हतं. निग्रह माणसाचा असतो, मोकळा वेळ मात्र घर वाटून देतं. तो वाटताना सुनेचा नंबर शेवटी लागतो, मग आपण म्हणतो की तिच्यात जिद्दच नाही.

झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठातला २००४चा एक छोटा प्रयोग आहे. धडधाकट तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. वैशाली पावणेबाराला पडते आणि पाचला उठते. तिची भूक खोटी नव्हती.

त्या भेटीनंतर ती एकटी आली. आली ती थेट सांगायलाच. ‘मॅडम, मी रात्री खाते.’ सगळे झोपल्यावर, ओटा पुसून झाल्यावर. तुरीच्या डाळीच्या डब्यामागे बोर्नव्हिटाचा जुना डबा असतो, त्यात लौंग शेव. वाटीत काढून घेत नाही, डब्यातूनच. वर जिरावण मसाला भुरभुरते. ‘तो दिवसातला एकच वेळ असा असतो की कुणी हाक मारत नाही.’ डबा रिकामा झाला की शाळेतून येताना स्वतःच भरून आणते, घरच्या सामानाच्या यादीत तो कधी येत नाही.

मोबाइलवरची सगळी जनुकं ती नवऱ्याला वाचून दाखवत होती, ती या डब्यावर पांघरूण म्हणून. यात तिला खोटारडी ठरवण्यात अर्थ नाही. येता-जाता ज्या घरात ताटाकडे बघितलं जातं, तिथे माणूस खाणं थांबवत नाही, लपवतो. आणि लपवलेल्या गोष्टीवर कुणालाच काम करता येत नाही, तिला स्वतःलाही नाही. सासूबाई एखाद्या पोळीवरून बोलल्या की त्या रात्री डबा जास्त रिकामा व्हायचा, हे तिनेच मोजून सांगितलं. गणिताची शिक्षिका शेवटी.

मी तिला म्हटलं, ही शेव तुझ्या वाट्याची. यात मंदार नाही, मावशी नाही, थायरॉइडही नाही. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, ‘हो, ही माझीच आहे.’ आणि तिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. सगळा दोष तुझाच असं ऐकत आलेल्या माणसाला एवढाच भाग तुझा, हे ऐकून बरं वाटतं.

डबा फेकून द्यायला मी सांगितलं नाही. इंदूरमध्ये शेवेशिवाय घर चालवा म्हणणारा समुपदेशक उद्या दुकान बंद करेल. वाटीत काढून, बसून, आठच्या जेवणासोबत खायची, आणि डबा सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, एवढंच ठरलं.

जाता जाता मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. थायरॉइडशिवाय आणखी कोणती गोळी? ‘अर्धशिशीची आहे, तीनेक वर्षं.’ पर्समधून पाकीट काढलं, फ्लुनारिझिन. हे औषध काहींचं वजन वाढवतं, सुस्तीही आणतं. वजनाच्या नोंदी शाळेच्या आरोग्य तपासणीत होत्याच. त्यांच्यात चोवीसपैकी नऊ किलो या तीन वर्षांतले निघाले. सगळे गोळीचे असतील असं मी म्हणणार नाही. पण वजनाचा विचार करताना डॉक्टरांसमोर सगळी पाकिटं एकत्र ठेवली पाहिजेत हे मी प्रत्येकाला सांगते. अर्धशिशी, फिट्स, नैराश्य, मानसिक आजार, संधिवात, मधुमेह, या सगळ्यांवरच्या काही औषधांनी वजन चढतं. आपल्या मनाने एकही बंद करायचं नाही, नुसतं विचारायचं. तिच्या डॉक्टरांनी औषध बदलून दिलं. तीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि ‘तोंडावर ताबा’ मात्र रोज चालू होतं.

पुढचं सरळ होतं, म्हणजे सांगायला सरळ. ८२ चं ५८ करण्याचं स्वप्न मी पहिल्यांदा खाली ठेवायला लावलं. अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात, २००२च्या, सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढंच ध्येय होतं आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तिचे सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६च्या अभ्यासातला निष्कर्ष मला त्याहून जवळचा वाटतो. तिथे आहार-व्यायाम बदललेल्या लोकांचं वजन फारसं हललंच नाही, तरी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. काटा हलेना म्हणून चालणं सोडणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

आधी एकदा तिने कुठल्याशा पॅकेजमध्ये आठ किलो उतरवून दहा परत चढवले होते. त्याबद्दल मंदार अजून टोमणे मारायचा. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं की भराभर वजन उतरवल्यावर वर्ष उलटलं तरी भुकेची हार्मोन्स चढलेलीच राहतात. शरीर गेलेलं वजन परत मागतं. हे ऐकल्यावर टोमणे थांबले, निदान माझ्यासमोर.

वाटणी अशी झाली. आठवड्यातले तीन दिवस डबे आणि पोहे मंदारकडे, त्या सकाळी वैशाली चालायला. ताटावर कुणी बोलायचं नाही, सासूबाईंनीही नाही. ते सांगायचं काम मंदारचं. सहा महिन्यांनी ती ७७ वर आहे आणि तिथेच अडली आहे. एचबीए१सी ५.७. मागच्या भेटीत तिने विचारलं, ‘त्या नव्या इंजेक्शनचं काय? ते घेणं म्हणजे लबाडी ना?’ वजन उतरवणारं तिर्झेपटाइडचं इंजेक्शन २०२५च्या मार्चमध्ये आपल्याकडे आलं तेव्हापासून हे ‘लबाडी’ मी फार ऐकते. रक्तदाबाच्या गोळीला कुणी लबाडी म्हणत नाही. घ्यायचं की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. खर्च आहे, मळमळ वगैरे त्रास आहेत आणि बंद केल्यावर वजन बरंचसं परत येतं. पण शिक्षा म्हणून टाळू नये, एवढंच मी तिला सांगितलं.

मंदारचं वजन मात्र दोन किलो वाढलं आहे. सकाळचं धावणं तीन दिवस बुडतं, आणि संध्याकाळी वर्कशॉपमधून आल्यावर जिवावर येतं म्हणे. ‘वेळच मिळत नाही हो मॅडम,’ असं तो अगदी मनापासून म्हणाला. वैशाली खो खो हसली. पोळ्यांना बाई लावायचं आता दोघांच्या मनात आहे, सासूबाईंचा होकार बाकी आहे.